सगळ्या चढल्याशिवाय

६ जानेवारी १९९७, सोमवार

बस सुरू झाली!

दोन वर्षं शेठच्या केबिनबाहेर उभं राहून राहून माझ्या चपला झिजल्या होत्या. आज सकाळी साडेसहाला पर्वत पाटियाच्या कोपऱ्यावर ती पांढरी बस खरोखर उभी दिसली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. छगन ड्रायव्हरला सांगितलं, धूळ गेली.

आमच्या यार्नच्या कारखान्यात पॅकिंगला बावन्न बाया आहेत. मी त्यांचा हजेरी मास्तर. बाया राहतात सगळ्या इकडे, पर्वत पाटिया, लिंबायत, उधना या बाजूला, आणि कारखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तापीपलीकडे इच्छापोरला. आजवर तीन रिक्षा बदलून जायचं, एकेका रिक्षात सात-सात जणींनी कोंबून घ्यायचं आणि मजुरीचा तिसरा हिस्सा रिक्षावाल्यांच्या घशात घालायचा. माझी सोनालीसुद्धा त्यातच. बारावीनंतर घरी बसणार नाही म्हणाली आणि पॅकिंगला लागली.

आता भाडं नाही, तिकीट नाही, पास नाही. धुरपदाबाई चढता चढता मोठ्यांदा म्हणाली, "फुकटनी गाडी उनी वं माय!" मी तिला तिथेच टोकलं. फुकट म्हटलं की उपकार होतो, मोफत म्हणा. तर म्हणते, "मोफतले काय जास्त पैसा पडतस का, मास्तर?" बस हसली. मीही हसलो. खरं तर मला राग आला होता.

९ जानेवारी, गुरुवार

पहिल्या दिवशी जी जिथे बसली तीच तिची जागा झाली. मी यादी केली आहे, नावापुढे रोज खूण करतो. मला वाटलं होतं खिडकीवरून भांडणं होतील, पण नाही. बसमध्ये जात-पात, गाव, लहान-मोठं काही नाही. सगळ्या एकाच छपराखाली.

सगळ्यात मागे, चाकावरच्या बाकावर रंभाबाई बसते. उधन्याला रेल्वे पटरीच्या कडेला बौद्धांची वस्ती आहे, तिथली. नवरा रेल्वेत गँगमन होता, वारला. मागे हादरे फार बसतात, पण तिने कधी तक्रार केली नाही, म्हणजे चालत असणार. बाई मोठी स्वावलंबी. आपली पाण्याची बाटली आपण आणते, पुढच्या कॅनला हातसुद्धा लावत नाही. तिच्या शेजारची जागा तेवढी रिकामी राहते.

आज सोनाली तिथे जाऊन बसली. मी तिच्यासाठी माझ्या मागची खिडकी धरली होती. घरी विचारलं तर म्हणाली, "आप्पा, पुढे ऊन येतं." सकाळी साडेसहाला कुठलं ऊन!

१५ जानेवारी, बुधवार

एक चूक झाली. परवा संध्याकाळी सगळ्यांना पतंगांची घाई, छगनने सहाला गाडी काढली आणि गायत्री नावाची नवी पोरगी मागे राहिली. तोंड धुवायला गेली होती. फाटकाशी रडत उभी होती ती, वॉचमनने कुठल्याशा टेम्पोत बसवून दिली. घरी पोचेपर्यंत तिची आई अर्धमेली झाली. हा दोष माझा. यादीवर खूण करायला मी विसरलो.

काल दिवसभर सुट्टी होती तरी मन लागलं नाही. संक्रांतीचे तिळगूळ तोंडात फिरले. मग एकदम गावची पंगत आठवली. अमळनेरजवळच्या आमच्या गावात शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत पहिल्या पानावरचा माणूस घासाला हात लावत नाही. मग तो सरपंच असो की सालदार. लहानपणी पोटात कावळे ओरडायचे, पण आजोबा हात धरून ठेवायचे.

आज बसमध्ये उभा राहून नियम सांगितला: सगळ्या चढल्याशिवाय बस सुटणार नाही. जाताना, येताना, वाटेत, कुठेही. गायत्रीने डोळे पुसले. बायांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजर किरीटभाईंना सांगितलं तेही खूश. "मास्तर, आ तो बहु सारो नियम!" म्हणाले. उद्या पाटी रंगवून बसमध्ये लावणार आहेत.

३ फेब्रुवारी, सोमवार

पॅकिंगच्या मागचा संडास धुणारी बाई आठवडाभर आली नाही. किरीटभाईंनी रंभाबाईला सांगितलं, दोन दिवस तू करून टाक. ती सरळ म्हणाली, "मी बॉबिन भरायला लागलीय साहेब. बावन्न जणी हाओत, पाळी लावा. माझ्या पाळीला मी धुवीन."

म्हणणं मुद्द्याचं होतं, सूर बरा नव्हता. दहा मिनिटांचं काम. मॅनेजरशी बोलताना माणसाने जरा सांभाळावं.

जेवताना सोनाली म्हणाली, "पण एवढ्या बायांतून तिलाच का सांगितलं?" मी म्हणालो, कुणाला तरी सांगायचंच होतं ना. ती ताटाकडे बघत राहिली. माझी बायको सरला म्हणाली, जेवताना संडासाच्या गोष्टी नकोत.

५ फेब्रुवारी, बुधवार

सहाला रंभाबाई आली नाही. किरीटभाईंनी तिला भरलेल्या खोक्यांतले बॉबिन परत मोजायला बसवलं होतं. पंचवीस मिनिटं गाडी उभी. छगनला इंजिन बंद करायला लावलं. बाया धीराने बसल्या. ती आली, मागे जाऊन बसली, मी खूण केली, निघालो. नियम पाळला गेला याचं समाधान वाटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रोजचंच झालं आहे. काल चाळीस मिनिटं, आज पन्नास. रोज नेमकी तीच खोकी आणि रोज नेमकी तीच बाई.

लिंबायतचा नळ साडेसातला जातो. बाया पोचतात तेव्हा तोटी कोरडी. धुरपदाबाईचं पोर शेजारणीकडे असतं. ती खिडकीत डोकं टेकून म्हणाली, "मना आंडोर रडी रडी झोपी जास, मास्तर." मी म्हणालो, आज तिची वेळ आहे, उद्या तुझी असेल, तेव्हा बस तुझ्यासाठी थांबेल. हे बोलताना मला फार बरं वाटलं होतं. लिहिताना तेवढं वाटत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

इच्छापोर नाक्यावर आधी सहाच्या सुमाराला आठ-दहा रिक्षा लागलेल्या असायच्या. आज बघितलं, एकही नाही. चहावाला म्हणाला, तुमच्या बसने त्यांचा धंदा बसवला, सगळे अडाजणकडे गेले. मला गंमत वाटली. घरी आल्यावर सांगितलं, बघा, रिक्षावाल्यांची मुजोरी आमच्या बसने कशी मोडली!

सोनाली केस विंचरत होती. म्हणाली, "मग सहाला जिला निघायचं असेल तिने जायचं कसं?"

"बसने."

"आणि बस सुटते कधी?"

"सगळ्या आल्यावर."

"आणि सगळ्यांना सोडतं कोण, आप्पा?"

मी म्हणालो, वकील हो तू. हजिऱ्याची एसटी आहे, पण तिची वेळ आमच्या वेळेशी जुळत नाही, आणि आली तरी भरलेली असते. म्हणजे आता आमच्या बसशिवाय दुसरं काहीच नाही. हे चांगलं झालं की वाईट, मला कळेना.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

धुरपदाबाई आणि आठ-दहा जणी दुपारच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आल्या. रंभाबाईचं नाव बसच्या यादीतून काढा. "एकीना पायी बठ्ठ्यास्ले बठनं पडस," धुरपदाबाई म्हणाली. एकीपायी सगळ्यांना बसून राहावं लागतं. एरवी हसणारी बाई, आज हसली नाही.

मी म्हणालो, अडवून कोण ठेवतं? ती की मॅनेजर? एकजण म्हणाली, तिने त्या दिवशी ऐकलं असतं तर कशाला अडवलं असतं. दुसरी म्हणाली, त्यांना सवय असते मास्तर, नाही म्हणायला काय झालं. गायत्रीही त्या घोळक्यात होती. माझ्याकडे बघत नव्हती.

मी ठणकावून सांगितलं, नाव निघणार नाही. मला स्वतःचा अभिमान वाटला. घरी येऊन सोनालीला सांगितलं तर पहिल्यांदाच हसली आणि माझ्यासाठी चहा केला.

१ मार्च, शनिवार

किरीटभाईंकडे गेलो. म्हणालो, तिचं मोजायचं काम दिवसा द्या, नाहीतर बस सहाला सोडू द्या. ते हिशेबनिसाशी बोलत होते. मान वर न करता म्हणाले, "बधा आवे पछी ज बस छोडवानी. तमारो ज नियम छे ने, मास्तर?" सगळे आल्यावरच बस सोडायची, नियम माझाच. मग हसून म्हणाले, तुमच्या नियमाने कामाचा उरक वाढला. बस सुटत नाही तोवर बऱ्याच बाया आत येऊन खोकी भरतात, ओव्हरटाईम मागत नाहीत. शेठ तुमचं नाव काढत होते.

शेठ माझं नाव काढत होते. हे ऐकून मला आधी आनंद झाला. तो मी इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. जिना उतरेपर्यंत तो टिकला.

४ मार्च, मंगळवार

आज बस सव्वातास उभी होती. कुणीतरी मागच्या बाकावर पाणी ओतून ठेवलं होतं. रंभाबाई आली, बघितलं आणि उभीच राहिली. सोनालीने ओढणीने बाक पुसला.

उधन्याला रंभाबाई उतरली तेव्हा मीही उतरलो. म्हणालो, बाई, मनाला लावून घेऊ नका. मी आहे तोवर बस तुम्हाला सोडून जाणार नाही. आपली पंगतीची रीत आहे, शेवटच्या पानावर वाढल्याशिवाय कुणी जेवत नाही.

ती शांतपणे म्हणाली, "मास्तर, त्या पंगतीत आमचं पान कधी मांडलं व्हतं? पंगत उठेपर्यंत आमी भाईर बसत व्हतो. मंग काय उरलं ते."

मी म्हणालो, ते जुनं झालं बाई, आता ते दिवस राहिले नाहीत. ती म्हणाली, "आसंल." आणि पटरीच्या बाजूला निघून गेली.

मी शेवटचं पान म्हणतो ते खरंच शेवटचं होतं का, हे मी आजवर कधी बघितलं नव्हतं. आजोबांनी दाखवलं नाही. पण यात माझा काय दोष? मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. आणि बाईनेही, माणूस चांगलं बोलायला गेला असता, इतकं तोडून बोलायला नको होतं. चिडचिड होते आहे. कुणावर ते कळत नाही.

६ मार्च, गुरुवार

रंभाबाईचं नाव यादीतून काढलं.

कारणं लिहून ठेवतो. एक, तिच्याच भल्यासाठी. बाया तिला उद्या काय करतील सांगता येत नाही. दोन, एकावन्न घरांतली चूल आणि पाणी. तीन... तिसरं कारण होतं, आता आठवत नाही.

तिला मीच सांगितलं. म्हणालो, नोकरी आहे तशीच राहील, फक्त येण्याजाण्याचं तुमचं तुम्ही बघा. ती म्हणाली, "कशानं येऊ?" मी म्हणालो, अडाजणपर्यंत सिटी बस आहे. पुढचं मी बोललो नाही. अडाजणपासून इच्छापोर पायी दीड तास आहे, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही.

नियम मोडला नाही. यादीत एकावन्न नावं आहेत आणि सगळ्या चढल्याशिवाय बस सुटत नाही.

सोनालीने चहा केला नाही.

१० मार्च, सोमवार

तीन दिवस बस सहाला सुटते आहे. बाया खुशीत आहेत. धुरपदाबाईने शेव वाटली. मी मूठभर घेतली, खाल्लीही. सोनाली चाकावरच्या बाकावर एकटीच बसते. घरीही माझ्याशी कामापुरतंच बोलते. सरला म्हणते, पोरीच्या लग्नाचं बघा आता. मी म्हणालो, तिला जे झालंय ते लग्नाने जाणार नाही.

१३ मार्च, गुरुवार

आज सहाला धुरपदाबाई आली नाही. किरीटभाईंनी तिला खोकी मोजायला बसवलं. पन्नास मिनिटं.

परवा तिने चहाच्या सुट्टीवरून काहीतरी तोंड वाजवलं होतं म्हणे.

मागच्या वेळी बायांना कुणावर रागवायचं ते माहीत होतं, आज माहीत नव्हतं. ती आली तेव्हा तिचा चेहरा पाहवत नव्हता. मी यादीवर खूण केली.

मी केलेला नियम त्या माणसाच्या हातात कासरा होऊन बसला आहे. तो एकीला ओढतो आणि सगळ्या थांबतात. आज हे मला स्पष्ट दिसलं. पुन्हा किरीटभाईंकडे जायला हवं. उद्या जाईन.

१७ मार्च, सोमवार

गेलो नाही. शुक्रवारी ते नव्हते, शनिवारी शेठ आले होते.

आज सकाळी अडाजण पाटिया ओलांडल्यावर रंभाबाई दिसली. रस्त्याच्या कडेने भराभर चालत होती, डब्याची पिशवी डोक्यावर. हजिऱ्याचे ट्रक इतक्या जवळून जातात की तिचं लुगडं उडत होतं. पहाटे निघत असणार. बस तिच्या बाजूने गेली. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्या दुसऱ्या खिडकीकडे बघायला लागल्या. मी यादीकडे बघितलं. तिचं नाव मी एकाच रेघेने खोडलं आहे, अजून वाचता येतं.

दहा दिवसांत ती दोनदा उशिरा पोचली. दोन्ही वेळा अर्धी हजेरी मीच लावली. तिसऱ्यांदा उशीर झाला की काढून टाकायचं, असा कारखान्याचा कायदा आहे.

२१ मार्च, शुक्रवार

जे झालं ते क्रमाने लिहितो.

अडाजणच्या पुढे रंभाबाई दिसली. आज ती लंगडत होती. साडेसात होऊन गेले होते, म्हणजे ती आठला पोचणं शक्य नव्हतं. हे मला कळलं आणि मागे सोनालीलाही कळलं. ती उठून पुढे आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "छगनभाई, ऊभी राखो."

छगनने गाडी थांबवली. सोनाली उतरली. रंभाबाईच्या डोक्यावरची पिशवी तिने आपल्या हातात घेतली आणि तिच्या बरोबरीने चालायला लागली.

छगनने इंजिन बंद केलं. "मास्तर, बधा नथी," म्हणाला, सगळ्या नाहीत. तो कुचेष्टेने बोलला नाही. दोन महिने मी त्याला हेच शिकवलं होतं. धुरपदाबाई म्हणाली, "आते काय करशात, मास्तर?"

मी उतरून धावत त्यांच्यापुढे गेलो. म्हणालो, रंभाबाई, चला, बसा. मी बघतो कोण काय म्हणतं ते.

"यादीत नाव नाही माझं."

"आजच्या दिवस बसा."

"आन उद्या?"

मी नुसतं 'उद्याही' म्हणायला हवं होतं. एक शब्द. त्या दोघी थांबल्या होत्या, बस थांबली होती, बसमधल्या पन्नास जणी खिडक्यांतून बघत होत्या. माझ्या डोक्यात किरीटभाई आले, बंद होणारं फाटक आलं, माझी नोकरी आली, आणि मी घड्याळाकडे बघितलं.

सोनाली म्हणाली, "आप्पा, तुम्ही जा. तुम्हाला उशीर होतोय." रागाने नाही. अनोळखी माणसाला सांगावं तसं म्हणाली.

मी परत आलो, पायरीवर चढलो आणि छगनला म्हणालो, "चल." त्याने एकदा विचारलं, "जवा दउं?" मी म्हणालो, चल म्हटलं ना! बस निघाली. त्या दोघींच्या बाजूने गेलो तेव्हा सोनालीने रंभाबाईला आतल्या बाजूला घेतलं आणि आपण ट्रकच्या बाजूने चालू लागली.

आम्ही आठला पाच कमी असताना पोचलो. त्या दोघी साडेआठनंतर आल्या. वॉचमनने आत घेतलं नाही. रंभाबाईचं नाव दुपारी हजेरीपटावरून कमी झालं. ते मीच कमी केलं, ते काम माझंच आहे. सोनालीला किरीटभाईंनी वॉचमनकडून सांगितलं, तू मास्तरांची पोरगी, उद्यापासून ये. तिने निरोप पाठवला की येणार नाही.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती पाय कोमट पाण्यात घालून बसली होती. तळव्यांना फोड आले आहेत. तशाच पायांनी दोघी अडाजणपर्यंत परत चालत गेल्या. रंभाबाई आता चलथाणला बहिणीकडे जाणार, तिथे उसाच्या कामात काही मिळालं तर बघणार. सोनाली आईला सांगत होती, इथेच जवळपास साड्यांना टिकल्या लावायचं काम शोधते, पायी जाता येईल असं. सरला मला म्हणाली, तुम्ही बसमध्ये होतात ना, पोरगी उतरली तेव्हा तुम्ही काय केलंत? मी म्हणालो, थांबवायचा प्रयत्न केला. सोनालीने मान वर केली नाही, मला खोटंही पाडलं नाही.

एक गोष्ट मी सरलालाही सांगितलेली नाही आणि सोनालीलाही नाही. सकाळी बस फाटकात शिरली तेव्हा किरीटभाई तिथेच उभे होते. घड्याळाकडे बघून त्यांनी विचारलं, "कोई बाकी छे, मास्तर?"

मी म्हणालो, "ना साहेब. कोई नथी."